माहेरचे कंद

गेलेल्या माणसावर लिहायला सोपं जातं. फोटोला हार घातलेला असतो, खरंखोटं करायला कोणी उठून येत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही चार गोष्टी गिळून टाकता येतात. एन. टी. सर अजून आहेत. जळगावच्या पिंप्राळ्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात. या वयातही चष्म्याशिवाय पेपर वाचतात. हे त्यांच्या हाती पडलं तर पहिल्याच परिच्छेदात दोन चुका काढून दाखवतील. तरी लिहितो आहे. मी या माणसाचं फार वर्षं, फार लोकांपुढे कौतुक केलं. ते कौतुक आता तोंडात कडू झालंय आणि कुठेतरी थुंकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नाव नथ्थू तुकाराम चौधरी. आमच्याकडे मास्तर झालेल्या माणसानं आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायचं असतं, आत फक्त आद्याक्षरं जातात. ते एन. टी. सर, मी पी. डी. सर. शाळा बोदवडला, राहणं जळगावात, रोजचं जाणं-येणं रेल्वेनं. मी मूळचा पारोळ्याकडचा, मराठी शिकवायचो. ते विज्ञान शिकवायचे आणि मूळचे रावेरकडच्या केळीच्या गावातले. उंच, वाळकुडे, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनांच्या मधोमध एक छोटा चाकू. या चाकूनं ते पेन्सिली तासायचे, फोडी करायचे आणि वर्गात मुलांसमोर काय काय चिरून दाखवायचे. सुट्टीच्या दिवशी गावी शेतात आणि इतर दिवशी शाळेत, असं त्यांचं आयुष्य दोन जागी कापून ठेवलेलं होतं. पत्नी लवकर गेली. मुलगी एकच, वैशाली.

स्टेशनवरच्या हातगाडीवरची केळी त्यांनी माझ्यासमोर कधी खाल्ली नाहीत. मी एकदा डझनभर घेतली, तर त्यांनी एक हातात धरून, वळवून, देठाकडून शेंड्याकडून पाहिली आणि परत ठेवली. "कोणाच्या घरची आहे, माहीत नाही," म्हणाले. जणू मी त्यांना स्थळ दाखवत होतो. केळीच्या 'झाडा'ला झाड म्हटलेलंही त्यांना चालायचं नाही. "पी. डी. सर, तुम्ही ज्याला खोड म्हणता ती नुसती पानांच्या देठांची गुंडाळी आहे. खरं खोड जमिनीत. वर दिसतं ते सगळं सोंग." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मी ते मराठीच्या तासालाही वापरायला लागलो होतो.

दहावीचा अलैंगिक प्रजननाचा धडा आला की सरांच्या अंगात वेगळाच माणूस शिरायचा. इतर विज्ञान शिक्षक हा धडा दोन तासांत उरकायचे आणि त्याच्यानंतरचा, माणसांचा भाग 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून द्यायचे. सर दोन्ही भाग शिकवायचे. पण माणसांचा भाग शिकवताना त्यांचा आवाज खाली यायचा, आणि या पहिल्या भागाला मात्र ते वर्गाची जत्रा करून टाकायचे. कोमट साखरपाण्यात यीस्ट घालून बाटली उन्हात ठेवायची, पावाचा तुकडा ओला करून बुरशी येऊ द्यायची, पानफुटीचं पान दोऱ्याला बांधून खिडकीत टांगायचं आणि त्याच्या काठावर पिलं कधी फुटतात ते रोज वर्गाला पाहायला लावायचं. मेहरूणच्या तलावातून शेवाळ्यासकट पाणी आणून त्यात हायड्रा शोधायचे. सापडला की दुसऱ्या वर्गातल्या मास्तरांनाही बोलावून आणायचे.

"हे बघा, याच्या अंगाला पोर फुटलंय. बारसं नाही, कानात कुर्र नाही. मोठं झालं की आईपासून सुटेल आणि आपलं आपलं पोट भरेल. भांडण नाही, वाटणी नाही." मग अमिबा. "एकाचे दोन झाले. यात आई कुठली आणि लेक कुठली? आई मेली म्हणावं तर प्रेत दाखवा. दाखवा ना!" मुलं हसायची. बाकाखाली प्रेत शोधल्याचं नाटक करणारा एखादा असायचाच.

आणि शेवटी केळीचा कंद. तो ते गावाहून आणायचे. रविवारी गावी जायचे, केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिलू कंदासकट खणून घ्यायचे आणि सोमवारी गोणपाटात गुंडाळून गाडीत सीटखाली ठेवायचे. एकदा तिकीट तपासनिसानं पायानं गोणपाट ढकलून विचारलं, "यात काय आहे?"

"माझे आजोबा," सर म्हणाले.

तपासनीस दोन पावलं मागे सरकला. सगळा डबा आमच्याकडे पाहायला लागला. मग सरांनी गोणपाट सोडून कंद दाखवला आणि भुसावळ येईपर्यंत त्या बिचाऱ्याला समजावलं. आजोबांनी तरुणपणी कुठून तरी एक कंद आणून लावला होता. त्याची पिलं लावून बाग झाली. पिलांची पिलं, त्यांची पिलं. मध्ये कुठे बी नाही, परागकण नाही, बाहेरचं कोणी आलेलं नाही. म्हणजे आजोबांनी ज्याच्यावर हात ठेवला तेच हे झाड. तपासनीस तिकिटं न तपासताच उतरून गेला.

वर्गातही हेच. कंद टेबलावर ठेवायचा आणि फळ्यावर केळीची एक रांग काढायची. "बी फितूर असतं. पपईचं बी लावा, काय उगवेल ते देवाला ठाऊक. कंद फितूर होत नाही. आजोबांची गोडी नातवात जशीच्या तशी." आमचा शिपाई धनराजभाऊ, धुळ्याकडचा माणूस, दाराशी उभा राहून ऐकायचा. एकदा त्याला राहवलं नाही.

"सर, मंग ती बठ्ठी बाग म्हंजे एकच झाड शे का?"

"शे, धनराजभाऊ, शे! सगळी बाग एकच झाड!" सर त्याच्याच भाषेत म्हणाले, आणि वर्गाकडे वळले. "आणि म्हणूनच आता नीट ऐका." त्यांनी फळ्यावरच्या एका झाडावर आडवी रेघ मारली. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, शेवटपर्यंत. "एकाला जो रोग मारेल तो सगळ्यांना मारेल. आणि कंद जिथे जाईल तिथे रोग जाईल. दिसत नसला तरी आत असेल. ही या गोडीची किंमत आहे. परीक्षेत हा मुद्दा लिहायचाच." दरवर्षी हेच, याच शब्दांत. मी शेजारच्या वर्गात असायचो, मधे नुसता पत्रा होता.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे 'मी' हा शब्द. वर्गात काही मोडलं, सांडलं, कोणी चिठ्ठी फेकली, की सर ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. खडू खाली ठेवायचे, हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, "उभे राहा सगळे." मग ज्यानं केलं त्यानं 'मी' म्हणेपर्यंत सगळा वर्ग उभा. स्वतः सरही उभे, खुर्चीला हात न लावता. "एकच अक्षर आहे. त्याला हाड नाही, घशात अडकणार नाही." कोणीतरी 'मी' म्हणायचा. सर म्हणायचे, "बसा. पुढचा मुद्दा." संपलं. शिक्षा नाही, घरी निरोप नाही, नंतर कधी टोमणा नाही.

एकदा सूक्ष्मदर्शकाचं भिंग फुटलं. शाळेतला तो एकच धड सूक्ष्मदर्शक होता. फोडणारा संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तास संपला, मधली सुट्टी झाली, वर्ग उभाच. कोणीतरी चेअरमनांना कळवलं. ते आले, दारातून म्हणाले, "चौधरी, जाऊ द्या ना, नवीन घेऊन देतो." सर म्हणाले, "भिंग तुम्ही द्या साहेब. शब्द त्याला देऊ द्या." पुतण्या रडत रडत म्हणाला एकदाचा. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी गाडीत मी त्यांना माझ्या डब्यातली पुरणपोळी अख्खी दिली होती. वाटलं, असा एक माणूस आपल्या ओळखीचा आहे, हे आयुष्यात पुरेसं आहे.

त्यांची बाग मी पहिल्यांदा पाहिली ती हिवाळ्यात. आत शिरल्यावर ऊन संपतं आणि पाटाच्या पाण्याचा गारवा पायाला लागतो. सर पुढे चालत होते आणि बुंध्यांना हात लावत कोणाकोणाच्या बागा इथून गेल्या ते सांगत होते. आख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या कंदांची बाग नाही असं गाव नव्हतं. कंद विकायचा नाही, मागेल त्याला द्यायचा, आणि नेणाऱ्यानं पहिल्या घडाची एक फणी आणून द्यायची, अशी घराण्याची रीत. पण खरी रीत दुसरीच होती. चौधरींची मुलगी केळीच्या घरात पडली की तिच्या रुखवताच्या पुढे कंदांची गाडी जायची. कंद धुवायचे, हळदकुंकू लावायचं, आणि सासरच्या शेतात त्यांचा वेगळा वाफा करायचा. त्याला म्हणायचं माहेरचे कंद. सरांच्या आत्याचे गेले होते, बहिणींचे गेले होते. "मुलगी परक्या घरी जाते, पण बापाची बाग तिच्यासंगं जाते," ते म्हणाले. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

वैशाली बी.एस्सी. झाली, वनस्पतिशास्त्र घेऊन. तिचं बोलणं बापासारखं नेमकं, पण तिला त्यांच्यासारखी व्याख्यानाची हौस नव्हती. स्थळ तापीपलीकडचं आलं. मोठी केळीची शेती, मुलगा साधा, सासरे लक्ष्मणआबा म्हणजे भला माणूस. लग्न ठरलं. कंद काढायच्या दिवशी सरांनी मला हौसेनं गावी नेलं होतं. मजूर कंद खणत होते, ओट्यावर बायका हळद कालवत होत्या. सर प्रत्येक कंद हातात घेऊन पाहत होते.

वैशाली बागेतून आली तेव्हा तिच्या हातात केळीचं एक कोवळं पान होतं. तिनं ते बापापुढे उन्हात धरलं. हिरव्यात पिवळ्या रेषा होत्या, तुटक तुटक, आणि पानाची कड आत वळलेली.

"नाना, हरण्या आहे हा," ती म्हणाली. केळीच्या या रोगाला आमच्याकडे हरण्या म्हणतात. पान पिवळं पडतं, मधला पोंगा, म्हणजे नव्या पानाची गुंडाळी, सडतो, घड येत नाही. औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळायचं, एवढाच उपाय.

सरांनी पान घेतलं. पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, म्हणून सांगतो, त्यांना कळलं. "जस्ताची कमी हाये," ते म्हणाले.

"नाना, मी पलीकडच्या ओळीतही पाहिलं. तिथेही आहे. यंदा नर्सरीतली रोपं पाठवू. टिश्यू कल्चरची. आबांना मी सांगेन."

"लोकं काय म्हनतीन?" सरांचा आवाज गावच्या बोलीत गेला होता. "एन. टी.च्या पोरीसंगं पिशवीतले रोपं आले म्हनतीन. अन् काऊन आले, असं नई विचारनार? अर्ध्या तालुक्यात माह्या बागीचे कंद हायेत. सगये येतीन माह्या दारात." मग माझ्याकडे बघून पुन्हा पुस्तकी भाषेत आले. "चांगले निवडून देऊ. ज्याच्यावर रेषा नाहीत तेच."

"दिसत नसला तरी आत असतो, तुम्हीच शिकवता ना," मी म्हणालो.

"पी. डी. सर, तुम्ही मराठीचे," ते हसून म्हणाले, आणि पान चुरगळून पाटात टाकलं. वैशालीनं ते वाहून जाताना पाहिलं. ओट्यावरून बायकांनी तिला हाक मारली तेव्हा ती आत गेली.

कंद गेले. ट्रॉलीला आंब्याची पानं बांधली होती, पुढे बँड होता. लक्ष्मणआबांनी पहिला कंद कपाळाला लावून उतरवून घेतला.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. वर्षाच्या आत वैशालीच्या सासरी तो वाफा पिवळा पडला, मग शेजारचा, मग बांधापलीकडचं दुसऱ्याचं शेतही. मावा नावाच्या किडीनं रोग इकडून तिकडे नेला. सर मला गाडीत सांगायचे ते हवामानाची बातमी सांगावी तसं. "तिकडे हरण्या आलाय म्हणे." त्या वर्षी दहावीचा तो धडा आला. सरांनी यीस्ट आणलं, पानफुटी टांगली, हायड्राही सापडला. कंद आणला नाही. पत्र्यापलीकडून मी वाट पाहत होतो, पण फळ्यावर केळीची रांग त्यांनी काढली नाही. तो मुद्दा मुलांना परीक्षेत लिहिता आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि भाषणांत सगळ्यांनी 'मी'ची गोष्ट सांगितली.

सासरी बायकांनी वैशालीचा पायगुण काढला. ती आल्यावर बाग नासली, एवढं त्यांना पुरे होतं. नव्या लागवडीत तिनं पाय टाकायचा नाही असं ठरलं. वनस्पतिशास्त्र शिकलेली ती पोर बांधावर उभी राहून दुरून पाहायची आणि चहा द्यायला आली तर मजुरांतल्या बायका कप तिच्या हातून न घेता खाली ठेवायला सांगायच्या. नवरा वाईट नव्हता, पण आईपुढे त्याला वाचा नव्हती. लक्ष्मणआबांनी सरांना बोलावणं पाठवलं. सरांनी सोबत मला नेलं.

ओसरीवर सतरंजी होती. घरातली पाच-सहा वडीलधारी माणसं बसली होती, आतल्या दाराआड बायका. लक्ष्मणआबांनी पाणी दिलं, तब्येत विचारली आणि मग सरळ मुद्द्यावर आले.

"एन. टी. भाऊ, एकच विचारतो. तुमच्या बागीत हरण्या व्हता का? व्हता म्हना. आमचं नुकसान झालं ते झालं, त्याचं मी एक अक्षर बोलनार नई. पन घरातल्या बाया पोरीच्या पायगुनावर घसरल्या हायेत. कंदात रोग व्हता, माह्याकडून आला, एवढं तुम्ही तुमच्या तोंडानं म्हना, की त्याहीचं तोंड बंद होते. ती बी सुखानं राहीन, आम्ही बी."

इतकं सोपं कोणी कोणाला करून देत नाही. मला वाटलं, झालं, सर म्हणतील. ज्या माणसानं चेअरमनला दारात उभं ठेवलं तो म्हणेल. सरांनी घसा साफ केला आणि माव्याबद्दल बोलायला लागले. मावा कसा उडतो, काकडीवर कसा वाढतो, तिथून केळीवर कसा येतो. "तुमच्या बांधावर काकडी होती. भोपळा होता. विषाणू तिथून आला असण्याची शक्यता जास्त." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. वर्गात ऐकला असता तर मी पत्र्याला कान लावला असता.

"काकडी तं दरसाल राहते," दाराआडून सासूचा आवाज आला. "नवीन काय आलं व्हतं, ते पाहा."

मला राहवलं नाही म्हणून मी बोललो. म्हणालो, आबा, कंद काढले त्या दिवशी मी तिथे होतो. लक्ष्मणआबांनी हात वर केला. "तुमचं नका सांगू, सर. तुम्ही तिच्या बाजूनं बोलनारच. बापाच्या तोंडून पाहिजे." मग सरांकडे वळून म्हणाले, "असं करू. उद्या आम्ही तुमची बाग पाह्यले येतो. निरोगी असली तं मी सगयाईसमोर माफी मागतो."

"बाग काढली," सर म्हणाले.

"कव्हा?"

"झाला महिना. जेसीबी लावून काढली. जमिनीचा पोत सुधारायला. कपाशी लावणार आहे."

मला हे माहीत नव्हतं. आजोबांची बाग, जिचा एकेक बुंधा ते ओळखायचे, ती त्यांनी गुपचूप उपटून जाळून टाकली होती. उपाय त्यांना अगदी बरोबर माहीत होता. वैशाली तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली होती. तिनं बापाकडे पाहिलं. मी तिच्या जागी असतो तर ट्रे भिरकावला असता. तिनं तो सतरंजीच्या कडेला नीट ठेवला, कप सारखे केले आणि आत गेली.

परतताना सर मोटारसायकल चालवत होते, मी मागे. तापीच्या पुलावर मी म्हणालो, "सर, एकच अक्षर होतं." ते म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध होत नाही, पी. डी. सर." भीती म्हणावी तर कसली? कोणी त्यांना तुरुंगात टाकणार नव्हतं. चार गावांतली माणसं दारात आली असती, कोणी बरंवाईट बोललं असतं. एवढ्यासाठी या माणसानं पोटची पोर बायकांच्या तोंडी दिली. मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

वैशाली त्यानंतर काही महिने तिथे राहिली आणि एका दुपारी रिक्षानं पिंप्राळ्याला आली. मी सरांकडे पेपर परत करायला गेलो होतो. तिच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात गोणपाटाचं बोचकं. सर फाटकाशी गेले. बोचक्याकडे बोट करून म्हणाले, "यात काय आहे?"

"तुमचे आजोबा," वैशाली म्हणाली.

तिनं अंगणात प्लास्टिकचा अर्धा कापलेला ड्रम ठेवला, माती भरली आणि सासरच्या नासलेल्या बागेतून आणलेला तो कंद लावला. तो उगवला. पिवळ्या रेषांसकट उगवला. त्याला घड कधी आला नाही, उंची कधी धरली नाही, पण जुनं वाळायच्या आत बुडाशी नवं पिलू फुटतं आणि त्याच्या पहिल्या पानावर पुन्हा त्याच रेषा असतात. ती त्याला रोज पाणी घालते. सर लोकांना सांगतात, पोरीला बापाच्या बागेची माया आहे.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. एकदा सर घरात नव्हते तेव्हा मी तिला म्हणालो, "वैशाली, खणून जाळून टाक ना हे. पाहवत नाही."

"टाकीन की, सर," ती म्हणाली. मग्यातलं उरलेलं पाणी तिनं ड्रममध्ये ओतलं. "त्यांना एकदा म्हणू द्या. त्याच दिवशी टाकते."

आता ती घरीच दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. ओसरीवर सतरंजी, भिंतीला फळा, आणि समोर अंगणात खुर्चीत सर. परवा संध्याकाळी मी तिकडून चाललो होतो, तर फळ्यावर केळीची रांग काढलेली दिसली. मी फाटकाशी थांबलो. तिनं एकेका झाडावर आडवी रेघ मारली. आवाज शांत होता, पण अंगणात ऐकू जाईल एवढा. "कंद जिथे जाईल तिथे रोग जाईल. दिसत नसला तरी आत असेल. परीक्षेत हा मुद्दा लिहायचाच." मग ड्रमकडे बोट केलं. "हे त्याचंच उदाहरण."

पुढे बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. "पण मॅडम, या झाडाला रोग आला कुठून?"

वैशालीनं खडू खाली ठेवला. हात मागे बांधले. "उभ्या राहा सगळ्या," म्हणाली.

मुली गोंधळून उभ्या राहिल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. ज्या मुलीनं विचारलं होतं तिला तर रडूच यायला लागलं. वैशाली त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती समोर अंगणात पाहत होती.

सर उठले. वर्ग उभा असताना बसायची त्यांना आयुष्यात सवय नव्हती. काठी न घेता, खुर्चीच्या पाठीचा आधार घेत उठले आणि ताठ उभे राहिले. माझा हात फाटकाच्या कडीवर होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, आता.

ते हळूहळू ड्रमपाशी गेले. खांद्यावरचा रुमाल काढला, ते पिवळ्या रेषांचं पान तळहातावर घेतलं आणि देठापासून शेंड्यापर्यंत सावकाश पुसलं. मग रुमालाचं दुसरं टोक घेऊन पुन्हा एकदा पुसलं.

"धूळ बसते," ते म्हणाले. "रस्ता जवळ हाये."

वैशालीनं खडू उचलला.

"बसा," ती मुलींना म्हणाली. "पुढचा मुद्दा. पानफुटी."